नव्या राज्याचा प्रश्न : अमेरिकेची एकी चिरत कुठून गेली?

धागाकर्ता : पैलतीर

गेली नऊ वर्षं मी रोज सकाळी मिसिसिपी ओलांडतो. घर इलिनॉयमध्ये, नोकरी सेंट लुईसला, म्हणजे मिसूरीत. पुलावर मध्येच राज्य बदलतं, पण सवयीनं ते जाणवायचंही बंद झालं होतं. गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले, तेव्हा त्यांना शहरातलं जुनं न्यायालय दाखवायला नेलं. मोठा घुमट असलेली देखणी इमारत आहे. तिच्याच पायऱ्यांवर एके काळी मयताच्या इस्टेटीच्या लिलावात माणसं विकली गेली. बाबा पायरीवर टेकले, नदीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "त्या काठाला माणूस, या काठाला मालमत्ता. देश मात्र एकच. हे एवढी वर्षं चाललं कसं रे?"

मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून जमेल तसं वाचतोय. जे हाती लागलं ते मांडतो. चुकलं तर सांगा.

सुरुवात आमच्या भागातल्या रस्त्यांपासून करतो. इथे शेतांमधून गाडी चालवली की दर मैलाला काटकोनात दुसरा रस्ता येतो. विमानातून पाहिलं तर जमीन चौकटीच्या वहीसारखी दिसते. ही १७८५ च्या जमीन कायद्याची मोजणी. सहा मैल बाजूचा चौरस, त्यात एकेक चौरस मैलाचे छत्तीस तुकडे, आणि सोळाव्या तुकड्याचं उत्पन्न गावाच्या शाळेला. ओहायो नदी ओलांडून केंटकीत शिरलात की हे सगळं नाहीसं होतं. तिथे बांध ओढ्यावरून, टेकडीवरून, या झाडापासून त्या धोंड्यापर्यंत गेलेले.

या चौकटींच्या मुलखासाठी १३ जुलै १७८७ ला नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्स मंजूर झाला. मला तो थक्क करतो. त्यात म्हटलं होतं की या भागात साठ हजार स्वतंत्र रहिवासी झाले की त्यांचं राज्य होईल, आणि ते जुन्या तेरा राज्यांच्या अगदी बरोबरीचं असेल. नुकतंच स्वतः वसाहतपणातून सुटलेल्या लोकांनी आपल्या पश्चिमेकडच्या मुलखाला वसाहत करून ठेवलं नाही. जगात तोपर्यंत मुलूख वाढवणाऱ्या सत्तांनी नव्या मुलखाला हा मान क्वचितच दिला होता. त्याच कायद्यानं ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी घातली.

आता त्याच उन्हाळ्यात फिलाडेल्फियात काय चाललं होतं ते पाहा. तिथे संविधान लिहिलं जात होतं, आणि ठरलं असं की प्रतिनिधिगृहातल्या जागा मोजताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरायची. गुलामांना मत नाही, पण त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्याला जादा जागा. बाहेरून गुलाम आणण्यावर १८०८ पर्यंत बंदी घालता येणार नाही. पळालेला गुलाम परत द्यावा लागेल. 'गुलाम' हा शब्द मात्र संविधानात कुठेही येऊ दिला नाही. आणि एखाद्या राज्याला बाहेर पडायचं असेल तर काय, यावरही शब्द नाही. हे दोन प्रश्न न बोलता झाकून ठेवले. माझं म्हणणं एवढंच आहे की पुढचं प्रत्येक नवं राज्य दारात उभं राहिलं की हे झाकण उघडत गेलं.

१८०३ मध्ये फ्रान्सकडून लुईझियाना प्रांत दीड कोटी डॉलरना घेतला आणि देशाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट झालं. त्याच मुलखातल्या मिसूरीनं राज्य होण्यासाठी अर्ज केला. फेब्रुवारी १८१९ मध्ये न्यू यॉर्कच्या जेम्स टॉलमॅज यांनी दुरुस्ती मांडली : तिथे यापुढे नवे गुलाम आणू नयेत, आणि जी मुलं जन्मतील त्यांना पंचविसाव्या वर्षी मुक्त करावं. प्रतिनिधिगृहात दुरुस्ती मंजूर झाली, सिनेटमध्ये पडली. सभागृहात उघडपणे संघराज्य मोडण्याची भाषा झाली. टॉलमॅज उत्तरले की फुटायचंच असेल तर फुटू दे. पुढची चाळीस वर्षं जे घडलं त्याची ही नांदी होती.

तोड निघाली ती हिशेबाची. अकरा राज्यं गुलामगिरीची, अकरा बिनगुलामीची. सिनेटमध्ये प्रत्येकाचे दोन, म्हणजे काटा मधोमध. मेन हा तेव्हा मॅसॅच्युसेट्सचा भाग होता आणि वेगळं होऊ पाहत होता. मॅसॅच्युसेट्सनं संमती दिली होती, पण मुदत ४ मार्च १८२० ची. ही मुदत डोक्यावर ठेवून मेन आणि मिसूरीची गाठ मारली गेली. मेन बिनगुलामीचं, मिसूरी गुलामगिरीचं, आणि लुईझियानाच्या उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. ३ मार्चला मेनचा कायदा झाला, मुदतीच्या आदल्या दिवशी.

त्यानंतर राज्यं जणू जोडीजोडीनं येत राहिली. अर्कान्सा आणि मिशिगन. फ्लोरिडा आणि आयोवा. टेक्सस आणि विस्कॉन्सिन. १८५० मध्ये कॅलिफोर्निया एकटं आलं आणि जोडी मोडली.

वयाच्या ७७ व्या वर्षी थॉमस जेफरसन यांनी २२ एप्रिल १८२० ला एका पत्रात लिहिलं की मिसूरीच्या प्रश्नानं ते रात्री आगीची घंटा वाजावी तसे दचकून जागे झाले. त्याच पत्रात ते म्हणतात, लांडग्याला कानांनी धरलंय, धरूनही ठेवता येत नाही आणि सोडताही येत नाही. पत्र वाचताना त्यांची भीती खरी वाटते. पण ते लिहिणाऱ्याच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून जास्त माणसं होती. त्या माणसांच्या गळ्याला काय धरलं होतं, याचा त्या पत्रात विचार नाही.

बाबांच्या प्रश्नाचं माझं उत्तर सध्या असं आहे : चाललं, कारण ज्यांच्या जिवावर ही तडजोड झाली त्यांना त्या बैठकीत जागा नव्हती. तुम्हाला काय वाटतं?

—

आजोळ

सुंदर लिहिलंय. रस्त्यांच्या काटकोनांची गोष्ट माहीत नव्हती, लगेच नकाशा उघडून पाहिलं. एक प्रश्न. फुटण्याची भाषा आधीपासून दक्षिणेचीच होती का? की उत्तरेनंही कधी केली?

—

पैलतीर

आजोळ, उत्तरेनंही केली, आणि तीही लवकर. १८१२ च्या युद्धात ब्रिटनशी व्यापार बुडाला, न्यू इंग्लंडची बंदरं ओस पडली. डिसेंबर १८१४ मध्ये तिथल्या राज्यांचे प्रतिनिधी हार्टफर्डला जमले. त्यांची एक मुख्य तक्रार हीच होती की गुलामांच्या मोजणीमुळे दक्षिणेला जादा जागा मिळतात, आणि पश्चिमेकडे नवी राज्यं येत गेली की आपण कोपऱ्यात जाऊ. काही जणांच्या तोंडी वेगळं होण्याची भाषा होती, ठरावांमध्ये ती आली नाही. तेवढ्यात तह झाला, न्यू ऑर्लिन्सच्या लढाईत अमेरिकेला विजय मिळाला आणि त्या सभेचीच नाचक्की झाली.

—

सातमाळा

धागा आवडला, पण एक दुरुस्ती करायलाच हवी. इलिनॉयचा काठ एवढा स्वच्छ नव्हता. १८१८ च्या तिथल्या राज्यघटनेनं शॉनीटाउनजवळच्या मिठागरात १८२५ पर्यंत बाहेरचे गुलाम भाड्यानं राबवायला मुभा ठेवली होती. करारबद्ध नोकर या नावाखाली माणसं वर्षानुवर्षं अडकवली गेली. १८२४ मध्ये तर घटना बदलून गुलामगिरी आणण्यासाठी परिषद बोलवावी का यावर मतदान झालं. ते हरलं म्हणून बरं. १८५३ मध्ये कृष्णवर्णीयांनी राज्यात येऊन राहण्यावरच बंदीचा कायदा झाला. तेव्हा 'त्या काठाला माणूस' हे बाबांचं वाक्य मनाला भिडतं खरं, पण कागद वेगळं सांगतात.

—

पैलतीर

सातमाळा, मान्य. मिठागराचं मला माहीत नव्हतं. ज्या गावात मी कर भरतो त्याच राज्याची ही गोष्ट, आणि मी नऊ वर्षांत वाचली नाही याची खंत वाटते. धाग्यात तसंच ठेवतो, म्हणजे तुमची दुरुस्ती वाचणाऱ्याला कळेल.

—

पाठक_सातारा

चर्चा चांगली चाललीय, पण सगळं गुलामगिरीवर नेऊन ठेवणं मला पटत नाही. जकातीचा वाद विसरू नका. १८२८ च्या जकात कायद्यानं उत्तरेच्या कारखान्यांना संरक्षण मिळालं आणि कापूस विकून बाहेरचा माल घेणाऱ्या दक्षिणेला तो महाग पडला. साउथ कॅरोलिनानं नोव्हेंबर १८३२ मध्ये हा कायदा आमच्या राज्यात रद्द म्हणून जाहीर केलं. जॉन कॅल्हून यांनी उपराष्ट्राध्यक्षपद सोडलं. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी १० डिसेंबरला ठणकावलं की एखाद्या राज्यानं केंद्राचा कायदा रद्द ठरवणं संघराज्याच्या अस्तित्वाशीच विसंगत आहे. केंद्राला सैन्य वापरू देणारा बळाचा कायदा आणि जकात कमी करणारी तडजोड, दोन्ही मार्च १८३३ मध्ये एकदमच झाले आणि प्रसंग टळला. राज्यांचे हक्क आणि केंद्राची ताकद हा मूळ प्रश्न होता. गुलामगिरी हे त्याचं एक रूप.

दुसरं, तडजोडीला एवढं तुच्छ लेखू नये. १८२० मध्ये संघ फुटला असता तर दोन दुबळे देश झाले असते, आणि दक्षिणेकडच्या देशात गुलामगिरी आणखी किती काळ राहिली असती कोण जाणे. तडजोड घडवणाऱ्या हेन्री क्ले यांच्यासारख्यांनी वेळ मिळवून दिला. त्या वेळात १८२५ ला ईरी कालवा झाला, ३६३ मैलांचा. बफेलोचं धान्य न्यू यॉर्कला जाऊ लागलं. मग रेल्वे आली. ओहायो-इलिनॉयचा जो शेतकरी पूर्वी मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर न्यू ऑर्लिन्सला माल पाठवायचा, तो पूर्वेशी बांधला गेला. १८६१ मध्ये उत्तर लढू शकली ती या तीस-चाळीस वर्षांच्या जोरावर.

—

पैलतीर

पाठकसर, तुमचा दुसरा मुद्दा वजनदार आहे आणि मी त्यावर बराच अडखळलो. कालवा आणि रेल्वेनं पश्चिम उत्तरेला जोडली, हे अगदी खरं. पण वेळ मिळाला तो दोन्ही बाजूंना. १८२० च्या जनगणनेत गुलाम होते सुमारे पंधरा लाख. १८६० मध्ये सुमारे साडेएकोणचाळीस लाख. जवळजवळ दहा लाख माणसं १८६० पूर्वीच्या साठ-सत्तर वर्षांत व्हर्जिनिया-मेरीलँडकडून अलाबामा, मिसिसिपी, लुईझियानाच्या कापसाच्या रानात हलवली गेली. काही पायी, साखळीत. काही बोटीनं, माझ्या रोजच्या या नदीवरून. आईपासून मूल तोडलं गेलं त्या घराच्या हिशेबात क्ले यांनी मिळवलेला वेळ कुठल्या रकान्यात लिहायचा? हा प्रश्न मला सोडवता येत नाही, पण तो न विचारता पुढेही जाता येत नाही.

पहिल्या मुद्द्याशी मात्र मी सहमत नाही. साउथ कॅरोलिना २० डिसेंबर १८६० ला बाहेर पडली, तेव्हा तिनं कारणांचं जाहीर निवेदन काढलं. त्यात मुख्य तक्रार अशी की उत्तरेची राज्यं पळालेले गुलाम परत देत नाहीत, त्यांनी तशा परतीला अडथळा करणारे स्वतःचे कायदे केलेत. म्हणजे तक्रार उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरल्याची आहे. मिसिसिपीच्या निवेदनात तर सुरुवातीलाच सांगितलंय की आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी पूर्णपणे एकरूप आहे. त्यांनी स्वतःच्या हातानं जे लिहिलं ते आपण सौम्य का करावं? १८५० चा पळालेल्या गुलामांचा कायदा केंद्राचाच होता. त्याच्या अंमलासाठी केंद्राची ताकद हवी होती, तेव्हा राज्यांचे हक्क कुणाला आठवले नाहीत.

—

पाठक_सातारा

निवेदनं मूळातून वाचली नव्हती. आज दोन्ही वाचली. साउथ कॅरोलिनाच्या निवेदनात जकातीवर भर नाहीच, हे पाहून मी चकित झालो. 'एक रूप' हा शब्द मी मागे घेतो. तडजोडीबद्दलचं मत मात्र कायम आहे.

—

ओवी

सगळे वाचतेय, मनापासून वाचतेय. पण एक गोष्ट अजून कुणी बोललं नाही. ज्या जमिनीचे चौरस पाडले ती रिकामी नव्हती.

१८३० मध्ये आदिवासी जमातींना मिसिसिपीपलीकडे हलवण्याचा कायदा झाला. चेरोकी लोक न्यायालयात गेले. १८३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की चेरोकींच्या भूमीत जॉर्जिया राज्याचे कायदे चालणार नाहीत. जॉर्जियानं तो मानला नाही, आणि जॅक्सन यांनी तो मानायला लावला नाही. म्हणजे त्याच वर्षी, तेच जॅक्सन : साउथ कॅरोलिनानं जकात नाकारली तर संघराज्याची शपथ, आणि जॉर्जियानं सर्वोच्च न्यायालय नाकारलं तर गप्प. एकीची हाक कुणासाठी द्यायची हे आधीच ठरलेलं होतं.

१८३८-३९ च्या हिवाळ्यात हजारो चेरोकी पश्चिमेकडे चालवत नेले गेले. त्यांचा एक मार्ग दक्षिण इलिनॉयमधून होता. मिसिसिपीत बर्फाचे तुकडे वाहत होते म्हणून काठावर कडाक्याच्या थंडीत थांबावं लागलं. पलीकडे मिसूरीत केप जिरार्डोजवळ आज त्या वाटेच्या नावानं उद्यान आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात गेलो होतो. वरच्या कड्यावरून नदी दिसते. माझी आठ वर्षांची लेक हातमोजे घालूनही हात खिशातून काढेना. मला तिथे फार वेळ उभं राहवलं नाही.

—

पैलतीर

ओवीताई, जॅक्सनच्या दोन तोंडांची ही जोडी माझ्या लक्षात आली नव्हती. आभार. उद्यान माझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर आहे. जाईन.

—

कपाशी

मी अकोल्याचा, घरची शेती. या धाग्याचं एक टोक आमच्या शिवारापर्यंत येतं म्हणून लिहितो.

१७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी काढायचं यंत्र आलं आणि आखूड धाग्याचा अमेरिकन कापूस परवडू लागला. गुलामगिरी मरणपंथाला लागेल असं ज्यांना वाटत होतं, त्यांचा अंदाज या यंत्रानं खोटा ठरवला. पुढे लँकेशायरच्या गिरण्या याच कापसावर चालायच्या. १८६१ मध्ये युद्ध पेटलं, उत्तरेनं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली, आणि इंग्लंडची नजर मुंबईकडे वळली. वऱ्हाड, खानदेश, गुजरातच्या कापसाला कधी न पाहिलेला भाव आला. मुंबईत पैशाचा पूर, रोज नवी कंपनी, बॅक बे भरणीच्या शेअरचे भाव आकाशाला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या जनरल लीनं शरणागती पत्करली आणि सगळं कोसळलं. मुंबईचे शेठ बुडाले हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. शेतकऱ्याचं कमी सापडतं. तेजीत सावकारानं सढळ हातानं दिलेलं कर्ज मंदीत गळ्याशी आलं, वर सारावाढ. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याला कर्जखतं जाळली गेली, त्या दंग्यांच्या कारणांत ही घसरणही धरतात.

आणि १८७३ मध्ये महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सज्जनांना, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. आपल्या शूद्रातिशूद्र बांधवांच्या सुटकेसाठी इथल्या लोकांनीही तो कित्ता गिरवावा ही आशा त्यात आहे. अमेरिकेच्या कापसाचा भाव बघणारे पुष्कळ होते. तो कापूस वेचणाऱ्याकडे पुण्यात बसून बघणारे जोतीराव. अभिमान वाटतो.

—

आजोळ

कपाशी, अंगावर काटा आला. यात आणखी एक दुवा जोडते. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी 'युनियन' हा शब्द का निवडला ते सांगितलं. त्याचा सारांश असा : अमेरिकनांना, राज्यांना बाहेर पडण्याचा हक्क नाही आणि आपलं संघराज्य अभंग आहे, हे ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं. मसुदा समितीला वाटलं की हे वादावर किंवा तर्कावर सोडण्यापेक्षा सुरुवातीलाच स्पष्ट करावं. पैलतीर यांनी जे 'झाकून ठेवलेले दोन प्रश्न' म्हटलं, त्यातल्या एकावर आपल्याकडे पहिल्याच कलमात शब्द घातला गेला.

आणि फरकही केवढा! तिकडे मॅसॅच्युसेट्सच्या संमतीशिवाय मेन वेगळं होऊ शकत नव्हतं. आपल्याकडे तिसऱ्या कलमानं राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार संसदेला आहे, राज्याच्या विधिमंडळाचं मत फक्त विचारलं जातं. माझे आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तुरुंगात गेले होते. आमच्या घरी १ मे १९६० ची गोष्ट अजून सांगितली जाते. पण त्या भांडणात कुणी देश सोडायची भाषा केली नाही. भांडण होतं ते देशातच आपलं घर नीट मागण्याचं.

—

पैलतीर

आजोळ, बाबासाहेबांचं ते भाषण शोधून वाचलं. बाबांना फोनवर वाचूनही दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "त्या न्यायालयातल्या माणसाचं पुढे काय झालं?"

ते विचारत होते ड्रेड स्कॉट या गुलामाबद्दल; त्याच्याविषयी मूळ लेखात लिहायचं राहूनच गेलं. त्याच जुन्या न्यायालयात १८४६ मध्ये त्यानं आणि त्याची बायको हॅरिएट हिनं स्वातंत्र्यासाठी दावा लावला. मालक लष्करी डॉक्टर होता, त्यानं ड्रेडला इलिनॉयमध्ये आणि मग उत्तरेला फोर्ट स्नेलिंगला, म्हणजे ३६ अंश ३० मिनिटांच्या पलीकडे, नेलं होतं. तिथे राहिलो म्हणजे आम्ही मुक्त, असा त्यांचा दावा. १८५० मध्ये सेंट लुईसच्या ज्युरीनं तो मानला. दोन वर्षांनी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं फिरवला. ६ मार्च १८५७ ला वॉशिंग्टनमध्ये सरन्यायाधीश टॉनी यांनी निकाल दिला की कृष्णवर्णीय माणूस या देशाचा नागरिक असूच शकत नाही, आणि काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, त्या मुलखात गुलामगिरीवर बंदी घालायचा अधिकारच नव्हता. ज्या रेषेवर चौतीस वर्षं देश तोलून धरला होता ती १८५४ मध्ये कॅन्ससच्या वादात काँग्रेसनं पुसली होतीच. आता न्यायालय म्हणालं, ती मुळातच बेकायदा होती. त्यानंतर चार वर्षांत तोफा सुरू झाल्या.

ड्रेड आणि हॅरिएटला निकालानंतर अडीच महिन्यांतच एका जुन्या मालकाच्या कुटुंबानं मुक्त केलं. पुढच्या वर्षी सप्टेंबरात तो वारला. कॅल्व्हरी दफनभूमीत त्याची कबर आहे, माझ्या ऑफिसपासून फार लांब नाही. परवा जेवणाच्या सुट्टीत गेलो. दगडाच्या वरच्या कडेवर लोकांनी एक-एक सेंटची नाणी ठेवलेली असतात. पावसानं काही काळवंडलेली, काही कोरी. नाण्याच्या एका बाजूला लिंकन. नव्या नाण्यांवर दुसऱ्या बाजूला तेरा पट्ट्यांची ढाल, तिच्यावर लॅटिन शब्द, 'अनेकांतून एक'. माझ्या खिशात दोन होती. एक ठेवलं. दुसरं बाबांसाठी आणलंय, ते दिवाळीला येतायत.